प्रार्थनास्थळांनी यात पडू नये, हे पटत नाही

मा. संपादक,
सप्रेम सलाम.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. कचरा, नदी, हवा, हवामानबदल ही सरकारची आणि शास्त्रज्ञांची कामं. देवळं, मशिदी, विहार, चर्च यांनी भजन-पूजन करावं, फार तर अन्नदान करावं, असल्या चळवळींच्या भानगडीत पडू नये, असा त्यांचा सूर होता. पत्र सभ्य होतं. त्यामागची भीतीही मला कळते, कारण धर्माचं नाव घेऊन माणसं रस्त्यावर आली की पुढे काय काय होतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. पण त्यांचं म्हणणं मला मुळातच पटलेलं नाही. का, ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी मूळची अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. सारा जन्म नर्सिंगमध्ये गेला. निवृत्त झाल्यावर मुलीकडे अमेरिकेत आले आणि आता नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅले शहराजवळ राहते. इथे रविवारी ज्या मंडळीत उपासनेला जाते ती युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या पंथाची आहे. ती मी मुद्दाम शोधून काढली, कारण तिचं आणि आमच्या नगरचं जुनं नातं आहे. ज्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1813 साली मुंबईत पाय ठेवला, 1831 मध्ये नगरला ठाणं केलं, ज्यांच्या मंडळीत पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले, ते ‘अमेरिकन मराठी मिशन’ बोस्टनच्या ज्या बोर्डाने चालवलं, ते बोर्ड पुढे याच पंथात सामील झालं. नगरच्या मंडळ्या 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या, पण मूळ एकच.

या नात्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बोर्डाची माणसं आपल्याकडे जातिभेदाविरुद्ध बोलत होती तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात गुलामगिरी चालू होती, आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्या घेताना बोर्डाने मूग गिळले होते. हे ज्यांना सहन झालं नाही त्यांनी 1846 मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांसाठी तिने दक्षिणेत शाळा आणि कॉलेजं उभारली. ही दोन्ही घराणी आज एकाच छपराखाली आहेत. धर्मसंस्था गप्प बसली तर काय होतं आणि बोलली तर काय होतं, याचे दोन्ही दाखले आमच्या घरातच सापडतात.

आता मूळ मुद्दा. रॅलेच्या ईशान्येला साधारण तासाभरावर वॉरन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. सगळा ग्रामीण मुलूख, गरिबी भरपूर, आणि बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. 1978 च्या उन्हाळ्यात रॅलेच्या एका ट्रान्सफॉर्मर कंपनीचं टाकाऊ तेल विल्हेवाटीच्या नावाखाली टँकरमधून नेण्यात आलं आणि चौदा काउंट्यांमधल्या सुमारे 240 मैल रस्त्यांच्या कडेला गुपचूप सोडून देण्यात आलं. त्या तेलात पीसीबी नावाचं रसायन होतं. ते शरीरातल्या चरबीत साठत जातं, आईच्या दुधातून बाळाकडे जातं, आणि त्याचा कर्करोगाशी संबंध आहे. रस्त्याकडेची दूषित माती खरवडून काढणं भागच होतं. प्रश्न होता ती न्यायची कुठे. राज्य सरकारने वॉरन काउंटीतलं ॲफ्टन हे ठिकाण निवडलं. तिथे जमिनीखालचं पाणी अगदी वर होतं आणि लोक विहिरींचंच पाणी पीत होते. कचऱ्याचा तळ आणि भूजल यांच्यात पन्नास फुटांचं अंतर हवं असा केंद्राचा नियम होता; त्यात सूट देण्यात आली.

विरोधाला सुरुवात केली ती गोऱ्या-काळ्या दोन्ही रहिवाशांच्या समितीने. अर्ज, सुनावण्या, कोर्टकचेरी यांत जवळजवळ चार वर्षं गेली. निकाल विरुद्ध गेले आणि सगळं संपल्यासारखं झालं. मग लोक चर्चकडे वळले. कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्च हा तळ झाला. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचा ‘वांशिक न्याय आयोग’ होता, त्याचे रेव्हरंड लिऑन व्हाइट आले, मग बेंजामिन चेव्हिस आले. स्थानिक बाजू डॉली बरवेल यांनी सांभाळली. 15 सप्टेंबर 1982 ला मातीचे ट्रक निघाले, तेव्हा लोक चर्चमधून प्रार्थना करून चालत निघाले आणि रस्त्यावर ट्रकांपुढे आडवे झाले. म्हातारी माणसं होती, शाळकरी पोरं होती. सहा आठवडे हे चाललं आणि पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली. कुणाच्या घरावर दगड पडला नाही, दुसऱ्या कुठल्या धर्माच्या माणसाला शिवी गेली नाही. पत्रलेखक गृहस्थांना जी भीती वाटते तिच्याबद्दल एवढंच म्हणते की धर्माच्या नावाने रस्त्यावर उतरण्याचे प्रकार दोन असतात, आणि त्यांतला फरक न कळण्याइतके आपण भाबडे नाही.

ट्रक थांबले नाहीत. साठ हजार टनांच्या आसपास विषारी माती तिथे पुरली गेली. ती रसायनमुक्त करायला 2003 चा डिसेंबर उजाडला आणि सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर खर्च झाले. म्हणजे त्या अर्थाने लोक हरले. पण त्याच धामधुमीत मतदार नोंदणी जोरात झाली. 1982 च्या निवडणुकीत काउंटीच्या मंडळावर कृष्णवर्णीय बहुमत आलं. मंडळाच्या अध्यक्ष झालेल्या इव्हा क्लेटन पुढे दहा वर्षांनी अमेरिकेच्या संसदेत निवडून गेल्या.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं काम. अटक झालेल्यांत वॉल्टर फॉन्ट्रॉय होते. ते पाळक होते आणि वॉशिंग्टन शहराचे संसदेतले प्रतिनिधीही. त्यांनी सरकारी लेखापरीक्षण खात्याला तपासायला लावलं, की आग्नेयेकडच्या आठ राज्यांतली मोठी विषारी कचराकुंडं आहेत कुठे? 1983 च्या अहवालात उत्तर आलं: चारपैकी तीन कुंडं कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांमध्ये. मग चर्चच्या आयोगाने ठरवलं की आता सगळा देश मोजायचा. चार्ल्स ली नावाच्या चिनी वंशाच्या तरुण संशोधकाने पिनकोडवार काम केलं. कुठल्या पिनकोडमध्ये विषारी कचऱ्याचं केंद्र आहे आणि तिथे राहतं कोण, एवढाच साधा प्रश्न. 1987 मध्ये अहवाल छापला. ज्या पिनकोडात असं एकही केंद्र नाही तिथे अल्पसंख्याक वंशांचं प्रमाण सरासरी 12 टक्के. जिथे एक केंद्र आहे तिथे 24. जिथे दोन किंवा जास्त आहेत किंवा देशातल्या सर्वांत मोठ्या पाच कचराभूमींपैकी एक आहे, तिथे 38. माणूस गरीब आहे की श्रीमंत, यापेक्षाही त्याच्या कातडीच्या रंगावरून कचऱ्याचं ठिकाण जास्त नेमकं सांगता येत होतं. देशातल्या दर पाच कृष्णवर्णीयांपैकी तीन जण अशा भागात राहत होते जिथे बेवारस विषारी कचरा पडलेला आहे.

हे कुठल्या विद्यापीठाने केलं नाही, पर्यावरण खात्याने केलं नाही. चर्चने केलं, दानपेटीतल्या पैशांतून केलं. ‘पर्यावरणीय वंशवाद’ हा शब्द चेव्हिस यांच्या नावावर आहे, पण या आकड्यांचा आधार मिळाला नसता तर तो एका चिडलेल्या पाळकाचा शब्द म्हणून विरून गेला असता. 1991 च्या ऑक्टोबरात याच आयोगाने वॉशिंग्टनमध्ये देशभरातल्या वस्त्यांची परिषद भरवली, तिथे ‘पर्यावरणीय न्याया’ची सतरा तत्त्वं ठरली. 1994 च्या फेब्रुवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की यापुढे केंद्राच्या प्रत्येक खात्याने आपल्या निर्णयांचा गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर काय परिणाम होतो ते पाहिलं पाहिजे. ॲफ्टनच्या रस्त्यापासून तिथवर यायला बारा वर्षं लागली.

मी ते चर्च पाहून आले आहे. रस्त्याच्या कडेला राज्य सरकारने त्या आंदोलनाची पाटी लावली आहे. ती वाचताना मला आठवलं ते आमच्या आजीचं गाव. आमचं मूळ घर गावकुसाबाहेर. मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आमच्या लोकांकडे, ते ढोर टाकायची जागाही आमच्याच वस्तीला लागून, आणि त्या बदल्यात इनाम मिळालेल्या तुकड्याला नावसुद्धा हाडकी-हाडोळा. गावाची घाण कुठे टाकायची हे गावाने कधी नकाशा काढून ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच नव्हती. ते सगळ्यांना माहीतच होतं. म्हणून 1987 च्या अहवालातले आकडे वाचून इथल्या माझ्या शेजारणींना जो धक्का बसला तसा मला बसला नाही. मला आश्चर्य वाटलं ते कुणीतरी बसून हे मोजलं याचं.

नर्सचा स्वभावच असा बनतो. वॉर्डात पेशंटला बरं नाही असं नुसतं सांगून डॉक्टर हलत नाहीत. ताप किती, नाडी किती, लघवी किती झाली, ते तक्त्यावर लिहिलेलं असावं लागतं. याच राज्यात पूर्वेकडे डुप्लिन आणि सॅम्पसन या काउंट्यांमध्ये डुकरांचे प्रचंड कारखाने आहेत. लाखो डुकरांचं मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवतात आणि नंतर शेतांवर फवारतात. शेजारी राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी. दुर्गंधीची तक्रार केली की उत्तर ठरलेलं: वासाने कोणी मरत नाही. स्टीव्ह विंग हे इथल्या विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ होते. त्यांनी वस्त्यांतल्या संघटनांना हाताशी धरून एक काम केलं. सोळा वस्त्यांतल्या 101 माणसांनी दोन आठवडे, दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं घराबाहेर बसायचं, वास किती येतो ते लिहायचं आणि आपला रक्तदाब आपणच मोजायचा. त्याच वेळी हवेतला वायू यंत्राने मोजला जाई. वास वाढला की रक्तदाब वाढत होता. त्या अभ्यासाबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एवढं तर आमच्या नगरच्या महिला संघातल्या बायकाही करतील, यंत्र हातात दिलं की झालं.

आणि मोजून काय होतं, याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातलं आहे. बकिंगहॅम काउंटीत युनियन हिल नावाची वस्ती आहे, गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेली. आज राहणाऱ्यांत त्यांचे वंशज बरेच आहेत. वेस्ट व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत सहाशे मैलांची गॅसवाहिनी आणायचं ठरलं, आणि गॅस पुढे ढकलण्यासाठी लागणारं अवाढव्य कॉम्प्रेसर केंद्र नेमकं या वस्तीत, जुन्या मळेमालकांच्या जमिनीवर. कंपनीने संगणकावरचे जनगणनेचे आकडे दाखवले, की इथे वस्ती विरळ आहे, आणि अल्पसंख्याकांचं प्रमाणही विशेष नाही.

तिथे बॅप्टिस्ट चर्चचे पाळक पॉल विल्सन उभे राहिले. त्यांच्याबरोबर कोण उभं राहिलं ते सांगितलं तर आपल्या वाचकांना नवल वाटेल. त्याच काउंटीत योगाविल नावाचा आश्रम आहे, तमिळनाडूतून आलेल्या स्वामी सच्चिदानंदांनी स्थापन केलेला. 1986 साली तिथे सर्व धर्मांना वाहिलेलं कमळाच्या आकाराचं मंदिर उभं राहिलं. त्या आश्रमातली माणसं आणि या चर्चमधली माणसं शेजारी राहत असली तरी जगणं अगदी वेगळं. गॅसवाहिनीने त्यांना एकत्र आणलं. ती सुनावण्यांना बरोबर गेली, बरोबर गायली. आणि मग एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली रहिवाशांनी दारोदार जाऊन मोजणी केली. कंपनीला विरळ दिसणाऱ्या त्या वस्तीत माणसं भरपूर होती, आणि त्यांतले 83 टक्के गौरेतर होते.

राज्याच्या हवा मंडळाने तरीही 2019 च्या जानेवारीत परवाना दिला. वस्तीतले लोक वरच्या कोर्टात गेले. 7 जानेवारी 2020 ला चौथ्या सर्किटच्या, म्हणजे या भागातल्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने परवाना रद्द केला. वस्तीत कोण राहतं आणि त्यांच्यावर काय ओढवेल याचा मंडळाने नीट विचारच केला नाही, पर्यावरणीय न्याय म्हणजे फॉर्मवर बरोबरची खूण करून मोकळं व्हायची बाब नव्हे, अशा आशयाचे ताशेरे निकालात आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही बड्या कंपन्यांनी अख्खा प्रकल्पच गुंडाळला. इतरही खटले होते, खर्चही वाढला होता. श्रेय एकट्या युनियन हिलला देणं बरोबर होणार नाही. पण ती घरोघरची मोजणी झाली नसती तर कोर्टापुढे कंपनीचेच आकडे राहिले असते.

आता हवामानाकडे येते. इथे पूर्व भागात प्रिन्सव्हिल नावाचं गाव आहे. मुक्त झालेल्या गुलामांनी टार नदीच्या काठी, कुणालाच नको असलेल्या पूरजमिनीवर वसवलेलं. 1885 मध्ये त्याला रीतसर नगराचा दर्जा मिळाला. 1999 च्या फ्लॉइड वादळात नदी बांधावरून आली आणि गाव बुडालं. 2016 च्या मॅथ्यू वादळात पुन्हा बुडालं. माणसाला मुळात सखल जागी बसवायचं आणि मग शंभर-सव्वाशे वर्षांनी पाऊस वाढला की पूर हा निसर्गाचा कोप आहे असं म्हणायचं! वंशाचा प्रश्न वेगळा आणि हवामानाचा वेगळा, असं मानणाऱ्यांनी एकदा प्रिन्सव्हिलचा नकाशा पाहावा.

2018 च्या सप्टेंबरात फ्लॉरेन्स वादळ आलं. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळीतले काही जण पूर्वेकडच्या एका गावी घरं साफ करायला गेले, त्यांत मीही होते. माझ्याने जड काम होत नाही, म्हणून मला चर्चच्या हॉलमध्ये औषधांच्या टेबलापाशी बसवलं. तिथे त्या चर्चची एक सेविका होती, वय सत्तरीच्या पुढचं. तिच्या हातात शाळकरी पोरांची असते तशी एक वही. कागद ओला होऊन वाळलेला, पानं फुगलेली, पेन्सिलीने लिहिलेलं म्हणून अक्षरं टिकलेली. दर पानावर एक घर. कोण इन्सुलिनवर आहे, कोणाला ऑक्सिजनचं यंत्र लागतं, कोणाकडे गाडी नाही, कोणाचा मुलगा दुसऱ्या गावी असतो आणि त्याचा फोन नंबर काय. कोण जिने चढू शकत नाही तेसुद्धा. मदतकार्याचा एक सरकारी माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. त्याच्या यादीत पत्ते होते. त्या पत्त्यांवर आता कोण राहतं ते नव्हतं. तासाभराने तो लॅपटॉप मिटून त्या बाईंशेजारी बसला आणि वहीतून उतरवून घेऊ लागला. इन्सुलिन बर्फाच्या पेटीत ठेवून कुठल्या क्रमाने कुठल्या घरी पाठवायचं ते आम्ही त्या वहीवरून ठरवलं.

ती वही आजारी माणसांना भेटी देण्यासाठी होती. शंभर वर्षांपासून बायका तेच करत आल्या आहेत: कोण उपासनेला आलं नाही ते पाहायचं आणि जाऊन चौकशी करायची. पत्रलेखक गृहस्थांना माझं हेच सांगणं आहे. धर्मसंस्थेने ‘चळवळीत पडायचं’ म्हणजे काही नवा उद्योग अंगावर घ्यायचा असं नाही. जे काम ती आधीच करते त्यात चार रकाने वाढवायचे आहेत. आपल्या वारीतल्या दिंडीप्रमुखाला विचारा: आपल्या दिंडीत माणसं किती, कोणाला साखर आहे, कोण मागे राहिलं, हे त्याला तोंडपाठ असतं. मशिदीच्या जमातीला, विहाराच्या महिला मंडळाला, चर्चच्या पाळकांना आपल्या वस्तीतल्या घरांची जेवढी माहिती असते तेवढी वॉर्ड ऑफिसला कधीच नसते.

आणि सरकारच्या भरवशावर का राहायचं नाही, हे 2025 च्या सुरुवातीला इथे फार स्पष्ट दिसलं. 2022 च्या सप्टेंबरात, आंदोलनाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, केंद्राच्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख मायकेल रीगन वॉरन काउंटीत आले. ते याच राज्यातले, स्वतः कृष्णवर्णीय. पर्यावरणीय न्यायासाठी वेगळं राष्ट्रीय कार्यालय काढत असल्याची घोषणा त्यांनी तिथे केली. अडीच वर्षं होतात न होतात तोच सरकार बदललं. 2025 च्या जानेवारीत 1994 चा तो आदेश रद्द झाला. फेब्रुवारीत, कुठल्या वस्तीत किती प्रदूषण आणि तिथे कोण राहतं हे दाखवणारा सरकारी नकाशा संकेतस्थळावरून काढून टाकला. मार्चमध्ये ती कार्यालयंच बंद करायचं जाहीर झालं. एकतीस वर्षांचं काम काही आठवड्यांत पुसलं. नकाशाच्या प्रती काही संशोधकांनी आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून तो अजून पाहायला मिळतो. आमच्या मंडळीत त्या रविवारी उपासनेनंतर कॉफी पिता पिता हाच विषय होता, आणि एक वयस्क सभासद म्हणाले, 1987 मध्ये सरकार मोजत नव्हतं म्हणून आपण मोजलं, आता पुन्हा आपणच मोजू. त्यातूनच आमच्या काउंटीतल्या काही चर्च, एक मशीद आणि एक ज्यू सिनेगॉग यांनी मिळून घरोघर विचारायचा तक्ता बनवला.

इथल्या मराठी लोकांशीही यानिमित्ताने बोलते, कारण त्यांतले पुष्कळ जण हे दैनिक ऑनलाइन वाचतात. रॅलेच्या परिसरात आपली माणसं खूप आहेत, शिकलेली आहेत, आकडेमोडीत तर कुणाला हार जाणार नाहीत. गणेशोत्सवाला शेकडो लोकांचा स्वयंपाक, पार्किंग, स्वयंसेवकांच्या पाळ्या हे सगळं ती बिनबोभाट पार पाडतात. वॉरन काउंटी त्यांच्या घरापासून तासाभरावर आहे. त्यांनी एकदा तिथे जावं. पूर्वेकडे पूर येतो तेव्हा देणगीचे चेक जातातच, ते चांगलंच आहे. त्यांच्याबरोबर दोन-चार माणसंही जावीत.

आणि आपल्या महाराष्ट्रात? देवनारची कचराभूमी 1927 पासून आहे. 2016 च्या जानेवारीत तिला लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून दिसला. तिच्या कडेने गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत कोण राहतं ते मुंबईकरांना सांगायला नको: मुसलमान, दलित, बाहेरून पोटासाठी आलेले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्या वॉर्डात घरोघर पाहणी केली आहे, तिचं मोल मोठं आहे. पण संस्थेची पाहणी एकदा होते आणि अहवाल निघतो; दर आठवड्याला तिथे जमणारी माणसं म्हणजे मशिदीतली, विहारातली, चर्चमधली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीने सोसला. तिथल्या लोकांनी रस्ते अडवले, गाड्या रोखल्या. त्या गावांतल्या देवळांत रोज काकड आरती होते. तिथे जमणाऱ्यांनी दर महिन्याला आपल्या विहिरीचं पाणी तपासून वहीत मांडलं, पोरांचा खोकला मांडला, तर दहा वर्षांनी ती वही घेऊन कोर्टात उभं राहता येईल. नुसत्या दुर्गंधीच्या तक्रारीला कोर्ट काय करणार?

याने अध्यात्म बिघडेल अशी शंका काहींना येईल. मी प्रार्थना करणारी बाई आहे, रोज पहाटे करते. माझा अनुभव उलटा आहे. एखाद्या घराची माहिती मी हाताने लिहून घेतली, की त्या घरासाठी केलेली प्रार्थना मोघम राहत नाही.

आमच्या त्या तक्त्याचं मराठी मी केलं आहे आणि त्याची कोरी प्रत या पत्राला जोडली आहे. एका घराला एक पान. माणसं किती आणि वयं काय. किती वर्षांपासून इथे राहता. पिण्याचं पाणी कुठून येतं, रंग-वास बदलतो का, कधी बदलतो. पाणी घरात शेवटचं कधी शिरलं आणि कुठवर चढलं. भिंतीवर खूण असेल तर जमिनीपासून मोजून इंचांत लिहावी. दमा, खोकला, अंगाला खाज कोणाला आणि कधीपासून. धूर किंवा दुर्गंधी कुठल्या वेळी आणि वारा कुठून असताना. इन्सुलिन, ऑक्सिजन, डायलिसिस कोणाला लागतं. अंथरुणावर कोण आहे. रात्री अचानक घर सोडावं लागलं तर कोण उचलून नेईल. शेवटी लिहिणाऱ्याची सही आणि तारीख. तारीख विसरू नये, तारखेशिवाय सगळं फुकट जातं. जात आणि धर्म हे रकाने ठेवले आहेत, पण घरच्यांनी आपणहून सांगितलं तरच भरायचे. नावं असलेली वही मंडळीच्या कपाटात कुलपात राहील, बाहेर जाईल ती फक्त बेरीज. आजारपणाची माहिती कुणाच्याही हाती देऊ नये, नगरसेवकाच्या तर मुळीच नाही.

ही प्रत कृपया कार्यालयात ठेवावी आणि मागेल त्याला, मग तो कुठल्याही देवाचा असो, झेरॉक्स काढून द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
(मूळ अहमदनगर, सध्या मुक्काम रॅले, नॉर्थ कॅरोलायना)